चिंतामणी, मोरपंखी की आनंदी?

माळ्यावरून आंबूस वास येतोय, ही तक्रार आईने पहिल्यांदा नोंदवली ती गणपतीच्या आधी, समया काढायच्या वेळी. आमच्या घरात वासाचा तपास ठरलेल्या क्रमाने होतो: आधी उंदीर, मग लोणचं, मग बाबा. उंदीर निघाला नाही. लोणच्याच्या बरण्यांचे दादरे घट्ट होते. बाबा म्हणाले, मला तर काही येत नाही; पण नाकाच्या ऑपरेशनपासून त्यांना कसलाच वास येत नाही, त्यामुळे त्यांची साक्ष आम्ही धरत नाही. शेवटी मी शिडी लावली, समयांच्या मागे हात घातला आणि बिस्किटांचा एक गंजका पत्र्याचा डबा ओढून काढला. झाकण उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. भावना वगैरे नंतर आल्या. हे पाणी व्हिनेगरचं होतं.

डब्यात सुपर एटची अकरा रिळं होती, एकेक तळहाताएवढं. या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उकाडा आणि ओल एकदम मिळाली की तो कुजायला लागतो आणि ॲसेटिक आम्ल सोडतो, म्हणजे व्हिनेगरच. सुटलेलं आम्ल पुढच्या कुजण्याला हातभार लावतं आणि एका रिळाचं दुखणं शेजारच्या रिळालाही लागतं. फिल्म जपणारी मंडळी याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात आणि रिळं थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. आम्ही ती ठाण्यात, न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवली होती. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात पाणथळ, आणि बारा महिने सकाळी दोन तास अंघोळींची वाफ. फिल्म नासवायचा प्रयोग करायचा म्हटलं तर प्रयोगशाळेतही इतकी सोय झाली नसती.

कॅमेरा बाबांच्या एका मित्राचा. तो नोकरीनिमित्त जर्मनीला होता, १९७४ साली परत येताना कॅमेरा घेऊन आला आणि सहा महिन्यांत फिल्मचा खर्च पाहून त्याने तो बाबांच्या गळ्यात मारला. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म. सेकंदाला १८ फ्रेम धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंदांत खलास. बँकेत कारकून असलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. म्हणून बाबा खिशातून पैसे काढायचे तसंच शूटिंग करायचे: नाइलाजाने, मोजून, आणि लगेच बंद. त्यांचा एकेक शॉट चार सेकंदांच्या वर जात नाही. अपवाद देवळांचा. सांगलीच्या गणपती मंदिराचं शिखर त्यांनी ४१ सेकंद घेतलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “शिखर हलत नाही. माणसं हलतात, फिल्म वाया जाते.” सिनेमा या कलेवर इतका मुळातून घेतलेला आक्षेप मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

रिळांवर बाबांच्या बँकेच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. ‘महाबळेश्वर ७५’. ‘गणपती विसर्जन (पाऊस)’. आणि ‘बेबीचे लग्न १’, ‘बेबीचे लग्न २’. बेबी म्हणजे माझी आत्या. ती आता बहात्तर वर्षांची आहे, निवृत्त मुख्याध्यापिका आहे, पुण्यात कोथरूडला राहते आणि अजून बेबीच आहे. तिचं लग्न मे १९७६ मध्ये सांगलीला झालं. त्या लग्नाची हलती चित्रं अस्तित्वात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण मूळ रिळं शेवटची कोणी पाहिली हे कोणालाच आठवत नव्हतं.

मूळ रिळं म्हणण्याचं कारण, ही फिल्म याआधी दोनदा ‘सुरक्षित’ करून झाली होती. १९९१ मध्ये एका स्टुडिओवाल्याने ती भिंतीवर दाखवून समोर व्हिडिओ कॅमेरा लावला आणि व्हीएचएस कॅसेट करून दिली. वर सनई घातली. सनई अजून चांगली आहे. चित्र पहिल्यापासून लुकलुकत होतं आणि पुढे कॅसेटला बुरशी आली. २००४ मध्ये त्या कॅसेटवरून सीडी केली. सीडीवर भाच्याने चहाचा कप ठेवला. नव्या जमान्याची दोन साधनं अशी कामी आली आणि आजारी, वास मारणारी, सत्तरच्या दशकातली फिल्म मात्र उजेडात धरली की एकेक माणूस ओळखू येत होता. पणजोबांची मोडीतली वही आमच्याकडे जशीच्या तशी आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि घरात एकालाही ओ का ठो वाचता येत नाही. बॅकअपचं हे दुसरं मरण. वस्तू मरत नाही, वाचणारा मरतो.

फिल्म स्कॅन करून देणारे एक गृहस्थ दादरला सापडले. त्यांनी डब्यात नाक घातलं, डॉक्टर जीभ पाहतात तशी फिल्मची कड पाहिली आणि म्हणाले, “आकसलीय. वेळेवर आणलीत.” फिल्म आकसली की तिच्या भोकांमधलं अंतर कमी होतं आणि दात्यांचं यंत्र ती फाडतं; या गृहस्थांचं यंत्र बिनदाती होतं, रुळांवर ओढणारं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हा नीट ऐकली नाही. ते म्हणाले, “मी कडेपासून कडेपर्यंत स्कॅन करतो. भोकं, फ्रेमच्या मधल्या काळ्या पट्ट्या, टोकाला जळलेला पांढरा भाग, सगळं. कापायचं ते तुम्ही सावकाश कापा. आधी सगळं घ्या.”

सगळं म्हणजे किती, हे घरी आल्यावर कळलं. एका रिळात ३,६०० फ्रेम. नीट, काही न दाबता केलेल्या २के स्कॅनची एक फ्रेम साधारण १२ एमबीची. म्हणजे एक रीळ ४५ जीबीच्या आसपास आणि अकरा रिळं मिळून अर्धा टेराबाइट. बाबांनी पै पै करून काढलेल्या ३७ मिनिटांना आता माझ्या सगळ्या नोकरीच्या कागदपत्रांपेक्षा जास्त जागा लागत होती. चुलतभावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मग व्हॉट्सॲपवर पाठव ना.”

बॅकअपचा एक जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. संगणकवाल्यांना हा शोध वाटतो. माझी आजी कैरीचं लोणचं याच पद्धतीने घालायची. एक बरणी हाताशी, स्वयंपाकघरात. एक चिनी मातीची, माळ्यावर. आणि एक काकूच्या माहेरी मिरजेला. हाताशी असलेली बरणी रोज उघडायची, तिच्यात ओला चमचा जायचा, ती नासायची. पण नासली तरी घर लोणच्याविना राहायचं नाही. ओला चमचा कोण घालतं हा शोध आजीने कधी घेतला नाही. घालणारच, हे ती धरून चालायची. संगणकाच्या बाबतीत एवढं शहाणपण आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्रत्येक जण, मीसुद्धा, आपला चमचा कोरडा आहे असंच समजतो.

पिक्सारवाल्यांचंही तेच झालं. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कोणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावरची पात्रं, त्यांच्या टोप्या, बूट, एकामागून एक गायब व्हायला लागले. बॅकअप काढायला गेले तर तोही धड चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांना नुकतंच मूल झालं होतं, घरून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवून ऑफिसात आणला. शंभर इंजिनिअर एकीकडे आणि एक बाळंतीण एकीकडे. ही गोष्ट मी आईला सांगितली तर ती म्हणाली, “मग! बाळंतिणीची खोली म्हणजे कोणी हात लावत नाही.”

मी तीन डिस्क घेतल्या. एक लॅपटॉपजवळ, एक कपाटात, एक कोथरूडला बेबीआत्याकडे. प्रत तंतोतंत उतरली की नाही हे तपासायलाही सोय असते: प्रत्येक फाइलमधून हिशेब करून अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ निघते, आणि फाइलचा एक कण जरी हलला तरी ओळ पार बदलते. हे मला फार आधुनिक वाटलं होतं, जोवर घनपाठी गुरुजींना आमच्या वास्तुशांतीला म्हणताना ऐकलं नव्हतं. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. शब्द असे उलटसुलट विणून म्हणायचे की एक अक्षर जरी सुटलं तरी पुढची वीण उसवते. फरक एवढाच की गुरुजींना त्यानंतर दक्षिणा आणि बासुंदी मिळते.

आत्याने डिस्क घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि रेशमी साड्यांच्या कपाटात, दोन पैठण्यांच्या मध्ये, डांबरगोळ्यांसह ठेवली. वर खडूसारख्या पांढऱ्या पेनने लिहिलं: ‘लग्न. पुसू नये.’ तीस वर्षं फळ्यावर लिहिल्याची सवय.

आता संकलन. सिनेमाच्या पुस्तकांत संकलनाबद्दल बरंच काही लिहिलेलं असतं, लय, ताण, अवकाश. नातेवाइकांबद्दल एक ओळ नसते. सगळ्यात आधी वेग आला. फिल्म १८ फ्रेमच्या वेगाने काढलेली. मी ती घाईत २५ने लावली आणि कुटुंबाच्या ग्रुपवर नमुना म्हणून टाकली. सप्तपदी चार सेकंदांत उरकली. भटजी होमात तूप असं ओतत होते जसं काही आग विझवायची आहे. काकांनी पंगतीत जिलबी वाढली ती पत्ते वाटल्यासारखी. सगळ्यांना हे इतकं आवडलं की वेग दुरुस्त केलेली आवृत्ती पाठवल्यावर काका म्हणाले, “आधीच्यात मजा होती. यात मी अगदीच म्हातारा दिसतो.” ते त्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते.

मग सेकंदांचा हिशेब सुरू झाला. वरपक्षाला किती, वधूपक्षाला किती. आत्याच्या नणंदेने फोन करून विचारलं की तिच्या वडिलांना दीडच सेकंद का. मी म्हटलं, बाबांनी तेवढंच घेतलंय. त्या म्हणाल्या, “हो, तेव्हाही तसंच होतं.” पन्नास वर्षांचा राग माझ्या टाइमलाइनवर उतरला. एक बाई कोण हे कोणालाच ओळखू येईना. ठसठशीत, सगळ्या पंगतींत आहे, पोटभर जेवते आहे. दोन्ही पक्षांनी ती आपली नाही असं सांगितलं. मी तिला कापली नाही. एवढ्या आवडीने जेवणारं माणूस बाबांच्या चार सेकंदांत पुन्हा सापडलं नसतं.

कापलं ते दुसरंच. लॅपटॉपजवळच्या डिस्कवरची जागा संपत आली म्हणून मी कडांची भोकं, फ्रेमच्या मधल्या काळ्या पट्ट्या आणि रिळांच्या टोकांचा जळका पांढरा भाग छाटून टाकला, आणि छाटलेल्या फाइलीच कपाटातल्या डिस्कवरही जुन्यांच्या जागी चढवल्या. स्वच्छतेची एक धुंदी असते. दिवाळीच्या आधी ती फार जणांना चढते.

रंगांना हात घातला तो त्यानंतर.

महाबळेश्वरचं रीळ कोडॅक्रोमचं होतं, मित्राने कॅमेऱ्याबरोबर दिलेलं. कोडॅक्रोम अंधारात ठेवली तर तिचे रंग वर्षानुवर्षं हलत नाहीत, माळ्यावरच्या अंधारातसुद्धा. स्ट्रॉबेऱ्या आजच तोडल्यासारख्या. सुरुवातीला मिनिटभर मात्र अख्खं महाबळेश्वर सैबेरियासारखं निळं आहे, कारण ती फिल्म दिव्यांच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली असायची, उन्हात काढायचं तर कॅमेऱ्यातली नारिंगी काच आड घ्यावी लागे, आणि ती बाबांना वेण्णा लेकपर्यंत आठवली नाही. तो निळेपणा काढायला मला दोन मिनिटं लागली. चूक एका जागी, एकसारखी असेल तर दुरुस्तीही सोपी.

लग्नाचं तसं नव्हतं. लग्नाला बाबांनी फोर्टातून स्वस्तातली, मुदत संपत आलेली फिल्म आणली होती. हे बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं तेव्हा आत्या व्हिडिओ कॉलवर होती. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे स्ट्रॉबेऱ्यांना भारीतली, आणि मला मुदत संपलेली.”

रंगीत फिल्ममध्ये रंगांचे तीन थर असतात, पिवळा, किरमिजी आणि आकाशी. अशा स्वस्तातल्या फिल्ममध्ये आकाशी थर आधी दगा देतो. मग उरतं ते लाल. सगळं वऱ्हाड कुंकवाच्या पाण्यातून काढल्यासारखं दिसत होतं. केळीचे खांब गुलाबी, नवरदेव गुलाबी, आमरस तर बघवत नव्हता.

अशा वेळी चित्रात जे हमखास पांढरं आहे ते पकडायचं आणि संगणकाला सांगायचं, हे पांढरं समज, बाकीचं त्यावरून लाव. मी आजोबांचं धोतर पकडलं. बटण दाबलं आणि अख्ख्या मांडवाला कावीळ झाली. पुन्हा केलं, पुन्हा कावीळ. आईला दाखवलं तर तिने एका वाक्यात निदान केलं: “अरे, मामंजींच्या धोतराला नीळ असायची.” आजोबा धोतरं स्वतः नीळ घालून धूत आणि नीळ घालताना त्यांचा हात सैल होता. ते धोतर पांढरं नव्हतंच, आकाशाच्या अलीकडचं होतं. संगणकाने त्या निळ्यालाच पांढरं मानलं आणि निळ्याला उतारा म्हणून सगळ्यांवर पिवळं फासलं. एका माणसाच्या निळीपायी तीनशे माणसं पिवळी.

मग मी रुखवताकडे वळलो. रुखवतात स्टीलची भांडी ओळीने मांडलेली, नावं घातलेली. स्टील म्हणजे शुद्ध करडं, ना लाल ना निळं. पण स्टीलला स्वतःचं असं काही नसतं. समोर मांडवाचं लाल कापड होतं, डब्यांनी ते जसंच्या तसं उगाळून दाखवलं.

माणसांच्या चेहऱ्यांवरून थोडं जमलं. कलर करेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टरस्कोप नावाची एक गोल तबकडी असते. चित्रातले रंग तिच्यावर ठिपक्यांसारखे पसरतात, आणि लाल-पिवळ्याच्या मधून एक रेघ आखलेली असते. माणसाची कातडी नीट दिसत असेल तर तिचे ठिपके या रेघेच्या आसपास पडतात. कोणाचीही कातडी. उजळपणा कमीजास्त होतो, गडदपणा कमीजास्त होतो, रेघ तीच. मी एकेका पाहुण्याचा चेहरा निवडून तबकडीवर टाकत होतो. आत्याच्या स्थळासाठी जी जाहिरात दिली होती तिचं कात्रण आईकडे अजून आहे. त्यात आत्या ‘निमगोरी’ आहे. आलेल्या पत्रांत कोणी गव्हाळ होता, कोणी रंगाने उजळ, कोणी स्मार्ट, म्हणजे सावळा. मांडवातले असे सगळे रंग त्याच एका रेघेवर ओळीने येऊन बसले. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हे यंत्र आमच्या वेळी हवं होतं. तुझ्या आजोबांची चार वर्षं वाचली असती.”

चेहरे माणसात आले. पण आत्याचा शालू आला नाही. पडद्यावर तो भिजलेल्या विटेच्या रंगाचा दिसत होता, आणि तो विटेच्या रंगाचा नव्हता एवढ्यावरच सगळ्यांचं एकमत होतं.

“चिंतामणी,” आत्या म्हणाली. तिचा शालू, तिने नेसलेला, विषय संपला.

“मोरपंखी,” आई म्हणाली. खरेदीला ती बरोबर होती आणि दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन तिनेच तो पाहिला होता.

“आनंदी गं,” काकू म्हणाली. तिच्या डोहाळजेवणात तिने तो मागून नेसला होता.

ज्यांना हे तिन्ही रंग निळ्या-हिरव्याच्या मधले वाटतात त्यांनी आमच्या घरी येऊन तसं म्हणून दाखवावं. शेवटी बाबांना विचारलं. शूटिंग त्यांचं, व्ह्यूफाइंडरला डोळा त्यांचा. ते म्हणाले, “निळा होता.” कसला निळा? “निळा म्हणजे निळा. हिरव्याच्या जवळचा.”

खरा शालू पाहावा म्हटलं तर तो १९८८ सालीच गेला. विरला होता, म्हणून आत्याने तो जरवाल्याला दिला. जर जाळून चांदी काढतात. त्या पैशांत तिने स्टीलची दोन पातेली घेतली आणि त्यातलं एक आईला दिलं. त्यातच आमचं दूध तापतं. आपल्या मूकपटांची गत याहून वेगळी झाली नाही. तेराशेच्या वर मूकपट निघाले, आणि त्यातले मोजकेच हाती लागले, तेही बरेचसे तुकड्यांत. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचंच असतं, त्यामुळे खेळ संपलेली रिळं चांदीसाठी विकली जायची. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून डबे गोळा करायला घेतले, तोवर कितीतरी नायिका वितळून गेल्या होत्या. आत्याच्या शालूचं निदान पातेलं तरी झालं.

अडलो तेव्हा दादरच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “फ्रेमच्या मधली काळी पट्टी बघा ना. तिथे उजेडच पडलेला नाही, म्हणजे तो फिल्मचा खराखुरा काळा. तो आज जितका लाल दिसतो तितकाच आकाशी रंग उडालाय. आणि टोकाचा जळका भाग हा तुमचा पांढरा. काळा आणि पांढरा मिळाला की मधलं लावता येतं. कडेपासून कडेपर्यंत दिलंय मी तुम्हाला.”

मी हो हो म्हणून फोन ठेवला. कडा माझ्याकडे नव्हत्या. लॅपटॉपजवळच्या डिस्कवर नव्हत्या, कपाटातल्या डिस्कवर नव्हत्या. ओला चमचा माझाच होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या डेक्कनने पुणे गाठलं. आत्याने कपाट उघडलं, पैठण्यांच्या मधून डिस्क काढली आणि हातात देण्याआधी विचारलं, “पुसलंस ना?” मी कबूल केलं. “वर लिहिलेलं वाचत नाहीत,” असं ती कपाटाला म्हणाली आणि मला पोहे दिले. डिस्कला आणि म्हणून माझ्या सॅकला, आणि त्यामुळे परतीच्या गाडीतल्या आमच्या सगळ्या बाकाला, डांबरगोळ्यांचा वास येत होता.

काळ्या पट्टीने काम केलं. गडद भागांतलं लाल मागे घेतलं, आकाशी हळूहळू वर आणलं, आणि केळीचे खांब एका क्षणी हिरवे झाले. मी खुर्चीत मागे रेललो. आजोबांचं धोतर निळसर दिसायला लागलं, म्हणजे बरोबर दिसायला लागलं. शालू विटेतून बाहेर आला आणि निळ्या-हिरव्याच्या मध्ये कुठेतरी थबकला. पुढे नेमका कुठे, ते पट्टीलाही माहीत नव्हतं. जो रंग उडून गेला त्याची चिठ्ठी मागे राहत नाही. इकडे केसभर सरकवला की चिंतामणी, तिकडे केसभर की मोरपंखी. मी तीन आवृत्त्या केल्या. फाइलींची नावं ‘लग्न_चिंतामणी_फायनल’, ‘लग्न_मोरपंखी_फायनल’, ‘लग्न_आनंदी_फायनल’. प्रत्येक घरी आपापली. हे अप्रामाणिक आहे हे मला कळत होतं. पण आमच्या घरात पुरणात वेलदोडा की जायफळ, यावरही दोन पातेली शिजतात.

संक्रांतीला तिघी आमच्याकडे एकत्र जमल्या. हळदीकुंकू आटोपलं, तिळगूळ झाला, आणि भाचा म्हणाला, चला, पिक्चर लावू. कोणती आवृत्ती लावायची, याचा विचार मी रात्रभर केला होता. शेवटी मी चौथीच काढली: कुठेच न छाटलेली, कडेपासून कडेपर्यंतची, शालू बरोब्बर मधोमध सोडून दिलेली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कोणीतरी सगळे रंग दुकानातल्यासारखे भडक करून ठेवले होते, ते मी गुपचूप खाली आणले. बाबा पुढच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं, “आवाज का येत नाही?” फिल्म मुकी होती, हे ती काढणाऱ्याला पुन्हा सांगावं लागलं.

अंतरपाट. अक्षता. आत्या मान खाली घालून उभी, शालू उन्हात चमकतोय. मी तिघींच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो, पडद्याकडे नाही.

“थांब!” आत्या ओरडली. “मागे घे. मागे. ते बघ, डाव्या कडेला!”

मी मागे घेतलं. प्रोजेक्टरची खिडकी फिल्मवरच्या चित्रापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे अगदी कडेचा भाग कधीच पडद्यावर दिसत नाही. १९७६ मध्ये दिसला नव्हता, १९९१च्या भिंतीवर दिसला नव्हता, आणि छाटलेल्या फाइलीत दिसायचा प्रश्नच नव्हता. तिथे, भोकांच्या लगत, रुखवताच्या टेबलाखाली, अर्धं मांजर बसलं होतं. पुढचं अर्धं. तोंड कसल्यातरी द्रोणात.

“मनी!” काकू म्हणाली.

“मनी कसली, मनी तर आणीबाणीच्या आधीच गेली,” आई म्हणाली. “हा बोका. वाड्यातल्या मागच्यांचा. पिवळा होता.”

“पिवळा? करडा होता तो, वहिनी,” आत्या म्हणाली. “माझ्याच अंथरुणात झोपायचा, मला नाही माहीत?”

“कबरा,” काकू म्हणाली. “पोटाकडे पांढरा.”

पोट फ्रेमच्या बाहेर होतं. शालूकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं. तिघींनी मिळून ते चार सेकंद सहा वेळा मागे घ्यायला लावले, आणि मग तिघी एकदम बाबांकडे वळल्या.

बाबा चष्मा वर सरकवून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ पाहिलं.

“हललं नाही बघ,” ते म्हणाले. “मला दिसलं असतं तर एक पूर्ण रीळ घातलं असतं.”

मी लॅपटॉप उघडला.